व्यवसाय कर, रोजगार हमी आणि ग्रामीण स्थलांतर : महाराष्ट्रातील एका करधोरणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९६५ ते २००६)

प्रस्तावना :

राज्याच्या करधोरणाचा रोजगारावर व लोकांच्या स्थलांतरावर कोणता परिणाम होतो, हा अर्थशास्त्राप्रमाणेच इतिहासाच्याही अभ्यासाचा विषय आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा उद्योगांना दिल्या जाणाऱ्या करसवलतींपुरती मर्यादित राहते. सवलत दिली की कारखाने येतात, कारखाने आले की रोजगार वाढतो आणि रोजगार वाढला की माणसे गाव सोडत नाहीत, असा युक्तिवाद त्यामागे असतो. महाराष्ट्र शासनानेही १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू करून मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना विक्रीकरात सवलती देऊ केल्या. त्यानंतरच्या दशकांत या योजनेच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या.

याच राज्याने १९७५ साली याच्या अगदी उलट मार्गही स्वीकारला. कर सोडून रोजगार आणण्याऐवजी कर बसवून रोजगार निर्माण करण्याचा हा मार्ग होता. शहरांतील पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर आकारावयाचा आणि त्याच्या उत्पन्नातून खेड्यातील अकुशल मजुराला कामाची हमी द्यावयाची, अशी ही योजना होती. महाराष्ट्रातील नोकरदारांच्या वेतनपत्रकात ‘व्यवसाय कर’ या नावाने होणारी कपात सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र ती १९७५ साली कशासाठी सुरू झाली, याची जाणीव कर भरणाऱ्या वर्गात फारशी उरलेली दिसत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या कराचा, त्यावर उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा आणि ग्रामीण स्थलांतराचा परस्परसंबंध ऐतिहासिक दृष्टिकोनातून तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. व्यवसाय कर व रोजगार हमी योजना यांच्या उगमाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या करातून निर्माण झालेल्या रोजगाराचा ग्रामीण स्थलांतरावरील परिणाम तपासणे.
३. कर व रोजगार यांच्यातील दुवा कालांतराने शिथिल का झाला, याची कारणमीमांसा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संबंधित अधिनियम, घटनात्मक तरतुदी, जनगणनेची आकडेवारी आणि योजनेवरील पूर्वीचे अभ्यास अशा दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. १९६५ मधील विसापूरचा प्रयोग ही अभ्यासाची सुरुवात, तर राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची २००६ मधील अंमलबजावणी ही त्याची मर्यादा मानली आहे.

वसाहतकालीन पूर्वपीठिका :

धंद्यावर कर बसवून त्यातून दुष्काळाचा खर्च भागविण्याची कल्पना १९७५ मध्ये प्रथमच मांडली गेली असे नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन व दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातील पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा इत्यादी जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेनुसार मजुरी कमी करण्यात आली. तेव्हा हजारो मजुरांनी कामावर जाण्यास नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरांची बाजू सरकारदरबारी मांडली.

या दुष्काळानंतर लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपयांची दुष्काळ विमा तरतूद करण्याचे ठरविले. त्यासाठी जमिनीवरील उपकरांबरोबरच १८७८ साली व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसविण्यात आला. या करास व्यापारी वर्गाने तीव्र विरोध केला. एप्रिल १८७८ मध्ये सुरत येथे त्याविरुद्ध दंगल झाली. लवकरच अफगाण युद्धाचा खर्च आणि तिजोरीवरील ताण यांमुळे दुष्काळासाठीची तरतूद बाजूला पडली. कर मात्र चालू राहिला. दुष्काळग्रस्तांच्या नावाने घेतलेला पैसा युद्धाकडे वळविला गेला, अशी टीका तत्कालीन वृत्तपत्रांतून व सार्वजनिक संस्थांतून झाली. पुढे १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यात हा परवाना कर विलीन झाला.

या प्रसंगातून दोन बाबी लक्षात येतात. एक म्हणजे विशिष्ट हेतूने घेतलेला कर त्या हेतूशी कायद्याने घट्ट बांधला नसेल, तर हेतू मागे पडतो आणि कर शिल्लक राहतो. दुसरी म्हणजे, १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी दुष्काळी काम ही सरकारची जबाबदारी मानली असली, तरी काम हा मजुराचा हक्क मानला नव्हता. दुष्काळ जाहीर करावयाचा किंवा नाही, हे सरकारच ठरवीत असे.

करासंबंधीची घटनात्मक चौकट मात्र पुढे अधिक स्पष्ट झाली. १९३५ च्या कायद्याने व्यवसायांवरील कर प्रांतांच्या अखत्यारीत दिला. पुढे त्यावर प्रतिव्यक्ती वार्षिक ५० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. भारतीय राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने ही मर्यादा २५० रुपये ठरविली. प्राप्तिकर केंद्राकडे असल्यामुळे, शहरी पगारदार वर्गाच्या उत्पन्नापर्यंत पोहोचण्याचे राज्याजवळ हेच एक थेट साधन होते.

विसापूर ते विधिमंडळ :

महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याशी निगडित असलेले गांधीवादी कार्यकर्ते होते. १९६५ साली त्यांच्या प्रेरणेने याच तालुक्यातील विसापूर येथे एकात्मिक क्षेत्रविकासाचा प्रयोग सुरू झाला. गावातच शेती व जलसंधारणाची कामे काढून, मागेल त्याला काम मिळेल अशी व्यवस्था करणे हा त्याचा गाभा होता. या अनुभवाच्या आधारे वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यस्तरावर जाहीर झाली.

त्याच सुमारास राज्यावर लागोपाठच्या अवर्षणाचे संकट कोसळले होते. १९७२-७३ च्या दुष्काळात सर्वत्र दुष्काळी कामे सुरू करावी लागली आणि मे १९७३ मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध व खडी फोडणे ही कामे गावोगाव उभी राहिली. तरीही मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व भागातून अनेक कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. मुंबईतील अनेक झोपडवस्त्यांत ‘बहात्तरच्या दुष्काळात आलेले’ अशी ओळख सांगणारी कुटुंबे पुढील कित्येक वर्षे आढळत होती. गावात काम नसेल तर खेड्याचा दुष्काळ शहरात येऊन राहतो, ही गोष्ट या अनुभवामुळे शहरी प्रतिनिधींच्याही लक्षात आली.

दुष्काळी कामे संपल्यानंतर रोजगार हमी योजना पुन्हा कार्यान्वित झाली. परंतु तिला कायमस्वरूपी निधीची गरज होती. या गरजेतून ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५’ अस्तित्वात आला आणि १ एप्रिल १९७५ पासून कराची वसुली सुरू झाली. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरील अतिरिक्त कर, विक्रीकरावरील अधिभार, बागायत जमिनीवरील विशेष आकारणी, जमीन महसुलावरील वाढ आणि शहरांतील अनिवासी इमारती व जमिनींवरील रोजगार हमी उपकर, अशी साधने उभी करण्यात आली. या करांच्या निव्वळ उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने स्वतःच्या तिजोरीतून द्यावयाची, असेही ठरले. या साऱ्यात व्यवसाय कराचा वाटा मोठा होता.

१९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून १५ दिवसांच्या आत काम देणे आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता देणे, ही जबाबदारी शासनावर आली. दुष्काळ संहितेच्या काळात दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागत असे. आता मजुराच्या अर्जाने शासनाची जबाबदारी सुरू होऊ लागली.

या कायद्याला सर्व बाजूंनी पाठिंबा मिळण्यामागे केवळ परोपकाराची भावना नव्हती. शहरी वर्गाला स्थलांतराचा लोंढा थोपवावयाचा होता. ग्रामीण भागातील जमीनदार शेतकऱ्याला पाझर तलाव व रस्ते यांतून विहिरीच्या पाण्याचा आणि जमिनीच्या किमतीचा लाभ दिसत होता. शिवाय बहुतांश भार शहरांवर पडणार होता. शेतमजुरांच्या संघटना आणि डाव्या पक्षांनी मोर्चे काढून कामाच्या हक्काची मागणी सातत्याने लावून धरली होती. अशा परस्परभिन्न हितसंबंधांच्या मेळातून ही योजना राजकीयदृष्ट्या शक्य झाली.

रोजगार व स्थलांतरावरील परिणाम :

योजनेचा विस्तार जलद गतीने झाला. १९७९-८० या वर्षात सुमारे २० कोटी मनुष्यदिन इतके काम उपलब्ध झाले. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हे कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांच्या १९८० मधील अभ्यासातून पुढे आले. कामाचा मोबदला केलेल्या कामाच्या मापावर ठरत असल्याने स्त्री-पुरुषांच्या दरात कायद्याने भेद नव्हता. घरातील पुरुष शहरात किंवा कारखान्यावर गेला असता मागे राहिलेल्या स्त्रीला गावाजवळच रोकड मजुरी मिळण्याचे हे एक महत्त्वाचे साधन ठरले. यावरून योजनेने स्थलांतर सरसकट थांबविले असे म्हणण्यापेक्षा, संपूर्ण कुटुंबाला गाव सोडण्यास भाग पाडणारी निकड अनेक ठिकाणी कमी केली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

जनगणनेचे आकडेही याच मर्यादेकडे निर्देश करतात. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९७१ मधील सुमारे ५९.७ लाखांवरून १९८१ मध्ये ८२.४ लाखांवर गेली. शहराची वाढ नैसर्गिक वाढीमुळे व परराज्यांतील स्थलांतरामुळेही होत असल्याने तिचा संबंध केवळ ग्रामीण महाराष्ट्रातील बेकारीशी जोडता येत नाही. तसेच कोकणातून मुंबईकडे होणारे स्थलांतर कित्येक पिढ्यांचे होते. रोजगार हमीची कामे तेथे फारशी रुजलीच नाहीत. योजनेचा प्रभाव मुख्यतः अवर्षणप्रवण तालुक्यांत आणि मुख्यतः हंगामी, नाइलाजाच्या स्थलांतरावर होता.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबल्यावर अनेक कामगार आपापल्या गावी परतले. खानापूर परिसरात तेव्हा अवर्षणाची स्थिती होती आणि परतलेल्या कामगारांपैकी अनेकांना रोजगार हमीच्या कामावर जावे लागले. शहरातील रोजगार तुटल्यावर, शहरांच्या करातून चालणाऱ्या कामाने त्यांना गावात आधार दिला, हा या करधोरणाचा एक अनपेक्षित परिणाम म्हणता येईल. परंतु हे कामगार संघटनेच्या संस्कारात वाढलेले होते. वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ कसा हटणार, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. मुक्ती संघर्ष चळवळीने रोजगार हमीचा पैसा पाण्याच्या कायमस्वरूपी कामांकडे वळवावा अशी मागणी केली. याच चळवळीतून पुढे येरळा नदीवर लोकांच्या पुढाकाराने बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. ज्या तालुक्यात योजनेचा पहिला प्रयोग झाला, त्या तासगावलगतच्या तालुक्यातून तिच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवले जावे, ही बाब लक्षणीय आहे.

ऊसतोडीचे स्थलांतर मात्र योजनेला रोखता आले नाही. बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) इत्यादी जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जात आणि उन्हाळ्यात परतत. रोजगार हमीची कामे निघण्याचा काळही बव्हंशी हाच होता. तरीही मजूर ऊसतोडीची निवड का करीत, याचे उत्तर मजुरी देण्याच्या पद्धतीत सापडते. मुकादम हंगामापूर्वीच ‘उचल’ देतो. लग्न, आजारपण किंवा जुने कर्ज यांसाठी गरीब कुटुंबाला एकरकमी पैशाची गरज असते, ती या उचलीतून भागते. याउलट रोजगार हमीत आधी काम, मग मोजमाप, त्यानंतर हजेरीपटाची तपासणी आणि शेवटी मजुरी असा क्रम होता. त्यात कित्येक आठवडे जात. उचलीने मजूर मुकादमाशी बांधला जातो, हे ठाऊक असूनही हातात आधी पडणारा पैसाच त्याचा निर्णय ठरवीत असे. कराचा पैसा तिजोरीत असूनही वेळेवर मजुराच्या हाती पोहोचत नव्हता आणि त्यामुळे स्थलांतर रोखण्याचा योजनेचा मुख्य हेतू याच वर्गाच्या बाबतीत असफल ठरला.

१९८८ : कराची वाढ व कामाची घट :

या इतिहासात १९८८ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी मे महिन्यात शेतमजुरांचे किमान वेतन सुमारे दुप्पट झाले आणि त्यानुसार रोजगार हमीच्या मजुरीचे दरही वाढले. मजुरी वाढल्यास कामाची मागणी वाढणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात योजनेवरील रोजगार लक्षणीय प्रमाणात घटला. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मधील अभ्यासात या घटनेचे विश्लेषण केले. मागणी कमी झाल्यामुळे नव्हे, तर शासनाने कामाचे शिधावाटपासारखे नियंत्रण सुरू केल्यामुळे रोजगार घटला, असे त्यांच्या निष्कर्षांवरून दिसते. नवीन कामे मंजूर न करणे, चालू कामे लवकर बंद करणे, कामे गावापासून दूर काढणे अशा प्रशासकीय मार्गांनी हमी कागदावर राहूनही काम आटविता येत होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची कमाल मर्यादा वार्षिक २५० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आली. म्हणजे राज्याची कर घेण्याची क्षमता दहापट वाढविणारा निर्णय आणि ज्या कामासाठी तो कर होता त्या कामाची घट, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात आल्या. १९९० च्या दशकात कराचे उत्पन्न वाढत गेले व खर्च त्या मानाने मागे राहिला. निधीत शिल्लक राहिलेली रक्कम प्रत्यक्षात राज्याच्या सर्वसाधारण खर्चाच्या कामी येत असल्याचा आक्षेप अभ्यासक व शेतमजूर संघटनांनी वेळोवेळी घेतला. १९९० पासून फळबाग लागवडीची जोड देऊन योजनेला वैयक्तिक शेतीविकासाची दिशा मिळाली. कोरडवाहू शेतकऱ्यांना तिचा लाभ झाला. परंतु भूमिहीन मजुराचा कामावरील दावा त्यामुळे बळकट झाला नाही.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ साली संमत झाला व २ फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामीण कुटुंबाच्या १०० दिवसांच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवला. राज्याच्या योजनेपासून देशाने प्रेरणा घेतली, ही अभिमानाची बाब खरीच. परंतु मजुरीचा मुख्य खर्च केंद्राकडे गेल्यानंतरही व्यवसाय कर चालू राहिला. पुढील काळात त्यात झालेली उल्लेखनीय सुधारणा, म्हणजे २०२३ मध्ये मासिक २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना दिलेली सूट, ही कर भरणाऱ्याच्या सोयीची होती. कराच्या मूळ हेतूची पुनर्तपासणी त्या निमित्ताने झाली नाही.

दोन आक्षेपांचा विचार :

विशिष्ट हेतूसाठी कर राखून ठेवणे सार्वजनिक आयव्ययाच्या दृष्टीने योग्य नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यामुळे शासनाला गरजेनुसार खर्चाचा क्रम बदलता येत नाही, हे खरे आहे. परंतु ज्या वर्गाला विधिमंडळात प्रभावी आवाज नाही, त्याच्या बाबतीत खर्चाचा क्रम बदलणे म्हणजे बहुधा त्याला शेवटी ढकलणे ठरते. १८७९ आणि १९८८ नंतरचा काळ, या दोन्हींचा अनुभव हेच दर्शवितो.

शहरांवर कर बसविल्याने शहरी रोजगार घटतो, हा दुसरा आक्षेप होय. व्यवसाय कराची रक्कम घटनात्मक मर्यादेमुळे इतकी अल्प होती की तिच्यामुळे उद्योग स्थलांतरित झाले असे मानण्यास आधार दिसत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या ऱ्हासामागे जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीच्या वाढत्या किमती व दीर्घकालीन संप अशी वेगळी कारणे होती.

निष्कर्ष :

१. व्यवसाय कर हा महाराष्ट्रात ग्रामीण रोजगाराच्या हमीसाठी उभारलेल्या साधनांपैकी प्रमुख कर होता. त्याद्वारे शहरी करदाता व ग्रामीण मजूर यांच्यात कायद्याने एक आर्थिक नाते प्रस्थापित झाले.
२. १९७५ ते १९८८ या काळात या नात्यामुळे अवर्षणप्रवण भागात मोठ्या प्रमाणावर रोजगार निर्माण झाला व संपूर्ण कुटुंबाच्या नाइलाजाच्या स्थलांतराची निकड काही अंशी कमी झाली. स्त्री मजुरांना त्याचा विशेष लाभ झाला.
३. मजुरी मिळण्यातील विलंबामुळे उचलीवर आधारलेले ऊसतोडीचे स्थलांतर रोखण्यात योजना अपयशी ठरली.
४. १९८८ नंतर कामाची घट निधीच्या टंचाईमुळे झाली नाही. कर वसूल करणारी यंत्रणा आणि काम देणारी यंत्रणा यांच्यातील उत्तरदायित्वाचा दुवा तुटणे, हे तिचे मुख्य कारण होते.

करधोरण आपोआप रोजगार निर्माण करीत नाही. कर सोडण्याच्या धोरणात कारखान्याने किती माणसे कामावर घेतली, याचा हिशोब मागावा लागतो. कर घेण्याच्या धोरणात शासनाने किती माणसांना काम दिले, याचा हिशोब मागावा लागतो. व्यवसाय कराच्या बाबतीत हा हिशोब मागण्याचा पहिला अधिकार अर्ज करणाऱ्या मजुराचा होता आणि कायद्याने तो त्याला दिला होता. दुसरा अधिकार दरमहा कर भरणाऱ्या सुशिक्षित नोकरदार वर्गाचा होता. या वर्गाने तो फारसा बजावला नाही. कराच्या वार्षिक वसुलीबरोबरच त्यातून ग्रामीण रोजगारावर झालेला खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखविला गेला, तर १९७५ मधील मूळ हेतू पुन्हा चर्चेत येण्यास मदत होईल.